मोहल्ल्याचं नाक

आमच्या मोहल्ल्याचं नाक कचऱ्याच्या शेडमध्ये असतं. पाहुण्यांना हे सांगितलं की आधी ते हसतात, मग शेडपर्यंत येऊन बघतात आणि म्हणतात, "एवढंसंच?" दिसायला ते खरंच एवढंसंच आहे. पत्र्याची एक पेटी, तिला खालून दोन भोकं आणि आत पंख्याची घरघर. घरातली ओल्या कचऱ्याची बादली तिच्याखाली धरायची. पेटी एक लांब श्वास घेते आणि पडद्यावर लिहिते: कांद्याची साल, भात, बांगड्याची डोकी, ठीक. नाहीतर लिहिते: खारवलेली मासळी, टाकीत घालू नका.

मी ताहेरा मुकादम. या नाकाची मालकीण म्हणा नाहीतर मोलकरीण, मला दोन्ही चालतं.

आमचं सुरळबंदर खाडीच्या काठाला आहे. "सफाई हा अर्धा ईमान" हे वाक्य मोहल्ल्यातल्या घराघरात चौकटीत बसवून लावलेलं होतं आणि त्याच घरांचा कचरा मागच्या दारानं खाडीत जात होता. उरलेला अर्धा ईमान कुठं होता ते अल्लाह जाणे. एका जुम्म्याला आमचे तरुण मौलाना अश्फाक खुतब्यात म्हणाले, "रस्त्यातला काटा बाजूला करणं हासुद्धा ईमानाचा भाग आहे. आणि आपण काय करतो? खाडीत काटे टाकतो, तेही माशांचे." पुरुषांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन जेवून झोपले. माडीवर बसून ऐकणाऱ्या आम्ही बायकांनी मात्र ते मनावर घेतलं. त्यातून अमानत महिला गट निघाला, मशिदीच्या मागच्या परड्यात गॅसची टाकी आली, आणि आता आमच्या चुली कचऱ्यावर पेटतात. हिवाळ्यात वुजूला, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुवायला, गरम पाणी मिळतं, म्हणून पहाटेच्या फजरच्या नमाजाला गर्दीही वाढली आहे. जमातीच्या सभेत आम्हाला खुर्च्या मिळतात, त्याही न डुगडुगणाऱ्या.

टाकीचं पोट मात्र फार नाजूक. तिच्यातले जंतू कचरा खाऊन गॅस सोडतात, पण सुक्या मासळीचं मीठ पोटात गेलं की तेच मरून पडतात. आणि मीठ लावलेली मासळी नाही असं कोकणातलं घर दाखवा. म्हणून विद्यापीठातून वैदेही साने ही पेटी घेऊन आली. आली तेव्हा चार दिवसांसाठी आली होती, आता ईदला तिच्या नावाचे कपडे शिवले जातात.

"वास म्हणजे हवेत उडणारे बारीक कण," ती आम्हाला समजावत होती. "पेटीत शेकडो पातळ थर आहेत. एक कण एका थराला फुगवतो, दुसरा दुसऱ्याला. थर फुगला की त्यातून जाणारी वीज कमी होते. कुठला थर किती फुगला याची जी नक्षी तयार होते ती अंगठ्याच्या ठशासारखी असते, कांद्याची वेगळी, कोळंबीची वेगळी. आपलं नाकही हेच करतं. फक्त ते कागदावर लिहून देत नाही."

"आमच्या सासवांची नाकं तोंडानं सांगतात," मी म्हणाले.

कुणी मीठ घातलं ते कळावं म्हणून प्रत्येक बादलीला त्या त्या घराची खूण असलेली चिप लावली, आणि तिथंच आमचा घोटाळा झाला. नाकाला नुसतं मीठच नव्हे, सगळंच कळत होतं. कुणाकडे पाहुणे आहेत, कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या रक्तात साखर वाढली आहे. हाजी उस्मान चौगुलेंना डॉक्टरनं मटण बंद केलं होतं आणि त्यांची बादली दर मंगळवारी नळीच्या हाडांची कबुली देत होती. मी तोंडावर पदर धरून हसायची. पण मग भीती वाटायला लागली, म्हणून मी मौलानांकडे गेले.

त्यांनी कुरआनमधली आयत सांगितली: फार तर्क करू नका, काही तर्क गुनाह असतात, आणि एकमेकांवर पाळत ठेवू नका. मग म्हणाले, "आपा, नाकाला जे कळेल ते तुमच्याकडे अमानत आहे, विश्वासानं सोपवलेली ठेव. ते शेडच्या बाहेर गेलं तर एकही बाई बादली देणार नाही, आणि खाडी पुन्हा आपली कचराकुंडी होईल." मी सगळ्या बायकांसमोर शब्द दिला. नाक खुपसायचं, पण तोंड उघडायचं नाही.

आता कुलसुम चाचीबद्दल सांगते. खाडीच्या दोन्ही काठांना तिच्या हातच्या अखनी पुलावाशिवाय लग्न लागत नसे. मी नवी नवरी म्हणून आले तेव्हा मला साधा कांदाही परतता येत नव्हता. चाचीनं मला तिच्या चुलीपाशी बसवून शिकवलं, आणि मी जाळलेला पहिला टोप स्वतः जाळला असं माझ्या सासूला सांगितलं. तेव्हापासून ती माझी सख्खी चाचीच. एकटी राहायची, मुलगा मस्कतला.

आणि तिच्या बादलीत कांदा येईनासा झाला.

केळ्याच्या साली, चहाचा चोथा, भिजलेली बिस्किटं. पुन्हा केळ्याच्या साली. आमच्या मोहल्ल्यात ज्या घरात कांदा चिरला जात नाही त्या घरात एकतर मयत असते नाहीतर फाके, म्हणजे उपासमार. तिच्या मुलाची नोकरी सुटल्याची कुजबुज मी ऐकलीच होती. मी दोन आणि दोन चार केले: चाची उपाशी आहे. काहीतरी निमित्त काढून मी तिच्या दारात गेले.

"जेवलंस काय गो चाची?"

"जेवलंय. तुझा वाटापण मीच खाल्लाय," ती दारातच उभी राहून हसली. आत ये म्हणाली नाही. कुलसुम चाची आत ये म्हणाली नाही, असं याआधी कधीच झालं नव्हतं.

बोलावं तर दिलेला शब्द मोडतो आणि गटाची टाकी बंद पडते. न बोलावं तर शेजारीण उपाशी झोपते आणि मी पोटभर जेवून अल्लाहला काय तोंड दाखवू? मी नावं न घेता वैदेहीला फोन लावला. तिनं थोडा विचार केला आणि म्हणाली, "कुणाला गरज आहे हे लपवायचं असेल, तर सगळ्यांनाच द्या. आणि थोडा नशिबाचा खेळ मिसळा."

युक्ती अशी: दर जुमेरातीला, म्हणजे गुरुवारी, काही घरांनी पाळीपाळीनं जेवणाचा एक टोप दुसऱ्या घरी द्यायचा. कुणाला द्यायचं ते नाक ठरवणार. प्रत्येक वेळी ते मनातल्या मनात नाणं उडवणार. छापा पडला तर डोळे मिटून कुठलंही घर, काटा पडला तर ज्या घराच्या बादलीची काळजी वाटते ते घर. नाणं कसं पडलं ते कुणालाच कळणार नाही, मलासुद्धा नाही. "म्हणजे ज्याच्या दारात टोप येईल," वैदेही म्हणाली, "तो ताठ मानेनं म्हणू शकेल की मला छापा लागला."

मौलाना ऐकून इतके खूश झाले की खुर्चीतून उठलेच. उजव्या हातानं दिलेलं डाव्या हाताला कळू नये असं म्हणतात, इथं तर उजव्या हातालाही कळत नव्हतं. आम्ही त्याला नाव दिलं हमसाया, म्हणजे शेजारी, ज्याची सावली आपल्या सावलीत मिसळते तो.

काय धमाल उडाली म्हणून सांगू! पहिल्याच जुमेरातीला हाजी चौगुलेंच्या बंगल्यावर पालेभाजी आणि तांदळाची भाकरी जाऊन पोचली. हाजी माझ्याकडे तणतणत आले. "ताहेरा, मी काय भुकेला दिसतो काय?"

"छापा लागला असेल, हाजीसाब."

"आणि काटा लागला असेल तर?"

"तर नाकाला तुमची काळजी वाटते," मी म्हणाले. हाजींना मंगळवार आठवला असावा. ते पालेभाजी खायला परत गेले.

भिंतीवरून वर्षानुवर्षं न बोलणाऱ्या दोन जावांना एकमेकींचीच नावं लागली. एकीनं खवचटपणे कारल्याचं कालवण पाठवलं, तर दुसरीनं त्याच टोपात गोड सांदणं भरून परत पाठवली, आणि पहिलीला रडू फुटलं. जुमेरातीची संध्याकाळ म्हणजे छोटी ईद झाली. गल्लीत झाकलेले टोप इकडून तिकडे जायचे आणि मी शेडच्या पायरीवर बसून बघायची. मला वाटायचं, आपण फार शहाणे आहोत. आपल्याला असं वाटायला लागलं की समजावं, काहीतरी चुकलंय.

"आपला हिरव्या काठाचा टोप खंय गेला?" एक दिवस माझ्या सासूबाईंनी विचारलं.

शेजारच्या शहनाज भाबीचा वाडगा गेला होता. हाजींच्या घरची तांब्याची पातेली गेली होती. मोहल्ल्यात भांडी आटायला लागली आणि सगळ्यांचा माग एकाच दारात जाऊन थांबत होता, कुलसुम चाचीच्या.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. दोन अंडी घाला, मूठभर तांदूळ घाला, नारळ घाला, काही नाही तर साखर घाला, पण रिकामं भांडं म्हणजे शेजाऱ्याच्या तोंडावर दार लावणं. वैदेहीला ही रीत माहीत नव्हती. मला जन्मापासून माहीत होती, म्हणूनच ती डोक्यात आली नाही. माशाला पाणी दिसत नाही म्हणतात ना, तसं. त्यात आणखी एक गोम होती. नाणं कितीही खरं असलं तरी आमच्या मोहल्ल्यात काळजीचं घर एकच होतं. प्रत्येक काटा तिच्याच दारात पडत होता. ज्या युक्तीनं तिची लाज झाकायची, तिच्यामुळेच तिच्या घरात भांड्यांची रास लागली आणि सगळ्या गल्लीला दिसली.

"चाचीला दरवेळी कसा लागतो गो?" नळावर बायका विचारायला लागल्या. मग आवाज खाली गेले. "नाकानं ताहेराला सांगितला असणार." आणि दुसऱ्या दिवशी शेडमध्ये कमी बादल्या आल्या. तिसऱ्या दिवशी आणखी कमी. खाडीच्या पाण्यावर केळीच्या पानात बांधलेली एक पुडी तरंगताना मी स्वतः पाहिली.

मी तडक चाचीकडे गेले. या वेळी तिनं आत घेतलं, कारण माझा चेहराच तसा होता.

स्वयंपाकघरात फळीवर सगळ्या मोहल्ल्याची भांडी ओळीनं मांडलेली होती. घासून लखलखीत केलेली. आमचा हिरव्या काठाचा टोपही त्यात होता. चूल मात्र थंड होती आणि गॅसच्या नळीचा कॉक दोरी बांधून बंद करून ठेवलेला होता.

"घेऊन जा," चाची म्हणाली. "रिकामी देतंय. माझा तोंड नाय रायला."

"चाची, तांदूळ नव्हते तर एक हाक मारायचीस..."

"तांदूळ?" तिनं कपाटाचं दार उघडलं. तांदळाची गोणी होती, डाळी होत्या, मसाल्याच्या बरण्या गच्च भरलेल्या. "मस्कतचे पैसे वेळेवर येतात. नोकरी सुटली ती मेहमूदच्या पोराची, माझ्या नाय. तुना काय वाटला, मी उपाशी हाय?"

मी गोणीत हात घालून बघितलं, तांदूळच होते.

चाची पाटावर बसली. तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "माझा नाक मेला गो. तो ताप आलेला ना, तेव्हापासून. कसलाच वास येत नाय. कांदा करपला, मना कळला नाय. दूध उतू जाऊन चूल विझली आणि गॅस सुटत रायला, मना कळला नाय. पलीकडून शहनाज ओरडत आली म्हणून वाचले. तेव्हापासून दोरी बांधलीय. खाते ते पुठ्ठा चावल्यासारखा लागतो. लोक कुलसुमच्या हातची वाट बघतात, आणि कुलसुमना कांदा आणि चिखल एकच झालाय. कोणाला सांगू?"

"मग भांड्यात बिस्किटं घालून द्यायची."

"बिस्किटा?" ती खरोखर चिडली. "कुलसुमच्या घरातून बिस्किटा?"

मी खाली बसले आणि तिच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडले. मौलानांनी सांगितलेल्या आयतीत पाळतीच्या आधी तर्क येतो, आणि मी ऐकताना तेवढंच विसरले होते. नाकानं खरं सांगितलं होतं, कांदा नाही. भूक माझ्या मनानं लावली होती. बादलीत काय पडतं ते यंत्राला कळतं, का पडतं ते विचारायला दार ठोठावावं लागतं.

वैदेहीला फोन केला. ती म्हणाली, "जिभेला खारट, आंबट, गोड, कडू असं थोडंच कळतं. बाकी ज्याला आपण चव म्हणतो ते सगळं घशाच्या मागून नाकात जातं. काहींचं हळूहळू परत येतं, काहींचं येत नाही. खात्री देता येणार नाही. पण तोवर तिला एक नाक उसनं देता येईल. शेडमधलं हातात धरायचं छोटं नाक आहे ना, ते घेऊन जा."

गेले. चाचीनं भीतभीत दोरी सोडली, चूल पेटवली आणि कांदा परतायला घेतला. किती दिवसांनी त्या घरात तेल तडतडलं! मी छोटं नाक टोपावर धरलं. त्यानं श्वास घेतला, विचार केला आणि मोठ्यानं वाचून दाखवलं:

"ओला कचरा. दर्जा उत्तम. टाकीत घालावा."

चाची हसायला लागली. हसता हसता तिच्या हातातला झारा पडला, डोळ्यांतून पाणी आलं. "माझ्या कांद्याला कचरा म्हणतंस, मेल्या!" ती त्या पेटीला म्हणाली. "थांब, तुना शिकवते."

आणि तिनं शिकवलं. चाची रंग बघून सांगायची, आवाज ऐकून सांगायची: हा कच्चा, हा गुलाबी, आता झाला, आता काढला नाही तर मेला. वैदेही तिकडून नाकाला ते पढवायची. गॅस सुटला तर ओरडायचं हे त्यानं पहिल्याच दिवशी शिकून घेतलं. बाकीच्यासाठी बरेच कांदे शहीद झाले. आमच्या टाकीनं इतके करपलेले कांदे एका महिन्यात कधी खाल्ले नसतील.

पण बादल्यांचं काय? गटाची सभा भरली आणि मी उभी राहिले. शब्द मी मोडला नव्हता, पण तो पाळताना चाचीला गल्लीत उघडं पाडलं होतं. तेवढं मी सांगितलं. चाचीचं काय झालंय ते सांगायचा हक्क माझा नव्हता, म्हणून तिथंच थांबले.

मागच्या रांगेतून चाची उठली. "माझा नाक गेलाय," ती सरळ म्हणाली. "अन्न हाय, पैसा हाय, नाक नाय. तुमची भांडी माझ्याकडे अडकली ती माझ्या गुर्मीपायी. ताहेराच्या तोंडातून एक शब्द आला नाय. आता सांगा, कोणाकोणाचा नाक चालतो? मना अखनी करायची हाय, आणि दम नीट बसला की नाय ते या पेटीला अजून कळत नाय."

सगळ्यात आधी शहनाज भाबीचा हात वर गेला. मग त्या दोन जावांचे. मग कुणाचा नाही ते विचारा. माझ्या सासूबाई तर उभ्याच राहिल्या. "माझा नाक सगळ्यात तिखट," त्या म्हणाल्या, आणि याबाबतीत आमचं पहिल्यांदाच एकमत झालं.

त्याच सभेत आम्ही ठरवलं: बादल्यांवरच्या चिपा काढायच्या. सगळ्या बादल्या गल्लीच्या एका हातगाडीत ओतायच्या, आणि नाक यापुढे त्या गाडीचा वास घेईल, घराचा नाही. गाडीत मीठ सापडलं तर सगळी गल्ली मिळून लाजेल. वैदेही हळहळली, कारण तिच्या अभ्यासाचं बरंचसं त्याबरोबर पुसलं जाणार होतं. पण तिनंच स्वतःच्या हातानं नाकाला घरं विसरायला लावली. हमसाया चालूच राहिला, फक्त काटा काढून टाकला. आता नुसताच छापा. ज्याला लागेल त्याच्याकडे टोप घेऊन जायचं, आणि दारात टोप न देता आत बसून विचारपूस करायची, एवढी एक अट वाढवली.

पुढच्या जुमेरातीला मशिदीच्या परड्यात अखनीची मोठी देग चढली. खाली आमच्याच कचऱ्याची निळी ज्योत. देगेभोवती बायका गोळा झालेल्या, प्रत्येकीचं नाक पुढे. "अजून नाय!" "आता!" "अगो थांब, घाई काय!" चाची मधोमध उभी, छोटं नाक कमरेला लटकवलेलं, सगळ्यांवर ओरडत होती आणि तिचा चेहरा लग्नघरातल्यासारखा फुललेला होता. हाजी चौगुले भिंतीपलीकडून मोठमोठ्यानं श्वास घेत होते. मग भांडी निघाली, एकेक भरून आपापल्या घरी. हाजींच्या पातेलीत चाचीनं नुसता भात वाढला, मटणाच्या बोटी बाजूला काढून. कुणीही तिला काही सांगितलेलं नव्हतं.

आमचा टोप घेऊन ती स्वतः आली. मी दार उघडलं. तिनं टोप माझ्या हातात दिला, झाकणावर हात ठेवला आणि म्हणाली, "खायच्या आधी सांग. वास कसा येतो?"

मी झाकण उचललं. वाफ तोंडावर आली. आयुष्यभर मी वास घेतला होता, सांगितला कधीच नव्हता.

"आधी तांदूळ येतो, चाची. उन्हात वाळवलेल्या चादरीसारखा."

"हूं. मग?"

"मग तूप. मग नळीचा रस, दाट, जरा जायफळ घेऊन."

"कांदा?"

"गोड हाय. करपला नाय."

तिनं डोळे मिटले. ओठ हलले, जणू ती ते चाखत होती. "लवंग खंय हाय? घातलेली मी."

"लवंग मागून येतेय. थांब, आली."

"अजून सांग," चाची म्हणाली, आणि उंबऱ्यावरच बसली. आत सासूबाई पानं मांडून हाका मारत होत्या. माझ्या पोटात कावळे ओरडत होते. मी झाकण हातात धरून तिच्याशेजारी बसले आणि सांगत राहिले.